घरी जुळवलेला ड्रोन : छंदामागचे विज्ञान आणि नियमांची चौकट

नवी दिल्ली : परदेशात तयार झालेला ड्रोन केवळ हौसेसाठी भारतात आणता येत नाही. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण तयार आणि जुळणीच्या संचाच्या स्वरूपातील परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन व विकास, संरक्षण आणि सुरक्षा या कारणांसाठीच या बंदीतून सूट मिळू शकते. ड्रोनच्या सुट्या घटकांची आयात मात्र खुली ठेवण्यात आली. त्यामुळे हौशी उड्डाणपटूंपुढे देशी बनावटीचा ड्रोन विकत घेणे किंवा सांगाडा, मोटर, पाती आणि बॅटरी वेगवेगळ्या मिळवून तो स्वतः जुळवणे, असे दोन मार्ग आहेत. दुसरा मार्ग कष्टाचा असला तरी शिकण्याच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. त्यातील धोके आणि कायदेशीर जबाबदारी मात्र जुळवणाऱ्यालाच पेलावी लागते.

शंभर वर्षे रखडलेली कल्पना

अनेक पंख्यांच्या साहाय्याने सरळ वर उचलले जाणारे यान ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि शार्ल रिशे यांनी १९०७ मध्ये चार पंख्यांचे यान तयार केले. ते जमिनीपासून जेमतेम उचलले गेले आणि तेव्हाही ते स्थिर ठेवण्यासाठी माणसांना त्याची टोके धरून उभे राहावे लागले. १९२२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी जॉर्ज डी बोथेझाट यांनी केलेला प्रयत्नही गुंतागुंतीमुळे पुढे गेला नाही.

अशा यानांना वर उचलणारी ताकद मिळत होती. अडचण तोल सांभाळण्याची होती. चार पंख्यांचे यान स्वभावतःच अस्थिर असते. एका पंख्याची गती किंचित बदलली तरी ते कलंडू लागते, आणि तो कल सावरण्याइतकी चपळता मानवी हातात नसते. हा प्रश्न अखेरीस करमणुकीच्या उपकरणांमुळे सुटला. मोबाइल फोन आणि व्हिडिओ गेम यांच्यासाठी तयार होऊ लागलेले सूक्ष्म जायरोस्कोप स्वस्तात मिळू लागले. ‘मल्टीवी’ या मुक्त प्रणालीचे नावच निन्टेंडो कंपनीच्या ‘वी’ या खेळयंत्रावरून पडले, कारण सुरुवातीच्या हौशी मंडळींनी त्यातील संवेदक काढून ड्रोनमध्ये बसवले होते. आज ‘बीटाफ्लाइट’, ‘आयनॅव्ह’ आणि ‘आर्डूपायलट’ या मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत.

तोल कसा सांभाळला जातो?

चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील पंख्यांची दिशा सारखी असते. प्रत्येक पंखा फिरताना सांगाड्याला उलट दिशेने पीळ देतो. दोन्ही जोड्यांचे पीळ परस्परांना छेद देत असल्याने ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. मागील पंख्यांची गती वाढवली की ड्रोन पुढे झुकतो आणि पुढे सरकतो. एका दिशेने फिरणारी जोडी वेगवान आणि दुसरी मंद केली की तो जागच्या जागी वळतो.

हे गणित ‘फ्लाइट कंट्रोलर’ ही लहानशी पट्टिका करते. जायरोस्कोपकडून येणारी माहिती तपासून ती सेकंदाला हजारो वेळा मोटरच्या गतीत दुरुस्ती करते. तिचा आदेश ‘ईएससी’ नावाच्या गतिनियंत्रकांमार्फत मोटरपर्यंत पोहोचतो. जायरोस्कोपची दिशा चुकीची नोंदवली गेली किंवा एखादी मोटर उलट फिरली, तर ही दुरुस्तीच उलटी लागू होते आणि ड्रोन जमीन सोडताक्षणी उलटतो. नवशिक्यांचे पहिले उड्डाण फसण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

जुळणी करताना वजनाचा हिशेब आधी मांडावा लागतो. चारही मोटरचा एकत्रित उचल-जोर ड्रोनच्या एकूण वजनाच्या किमान दुप्पट असावा, हा सर्वमान्य संकेत आहे. मोठी बॅटरी बसवली की उड्डाणाचा काळ सुरुवातीला वाढतो. परंतु एका मर्यादेनंतर वाढीव ऊर्जा बॅटरीचे स्वतःचे वजन वाहण्यातच खर्च होते.

खरा धोका टेबलावर

बहुतेकांना अपघाताची भीती आकाशात वाटते. प्रत्यक्षात अनेक दुखापती घरातील टेबलावर चाचणी घेताना होतात. प्रतिव्होल्ट १,८०० फेऱ्यांची मोटर चार सेलच्या पूर्ण भारित, म्हणजे १६.८ व्होल्टच्या बॅटरीवर विनाभार मिनिटाला सुमारे ३०,००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. या गतीने फिरणारे प्लॅस्टिकचे पातेही बोटाला खोल जखम करते. म्हणूनच चाचणीच्या वेळी पाती काढून ठेवणे हा या छंदातील पहिला नियम मानला जातो.

दुसरा धोका लिथियम पॉलिमर बॅटरीचा. तिच्या प्रत्येक सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू नये. काही दिवस वापर नसेल, तर ती सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवतात. अपघातात चेपलेली किंवा फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये. तिच्यात आग लागू शकते आणि ती विझवणे कठीण असते. भारित होत असलेली बॅटरी सोडून बाहेर जाऊ नये. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटरी सामानकक्षात देता येत नाहीत. त्या मर्यादेत आणि टोके झाकून जवळच्या सामानातच न्याव्या लागतात.

रेडिओ संपर्क तुटल्यास ड्रोनने काय करावे, हे ‘फेलसेफ’ व्यवस्थेत आधीच ठरवावे लागते. उड्डाणापूर्वी पाती काढून आणि रिमोट बंद करून मोटर खरोखर थांबतात का, हे पाहणे हा त्याचा सोपा मार्ग आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ, ५.८ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरता येतात. परदेशी बाजारासाठी बनवलेली काही उपकरणे ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यामुळे खरेदीपूर्वी पट्टा तपासणे आवश्यक ठरते.

नियम काय सांगतात?

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ आणि २५ किलोपर्यंतचा ‘लघु’ गणला जातो. वजन मोजताना बॅटरी आणि कॅमेराही धरला जातो. नॅनो ड्रोनसाठी, तसेच बिगरव्यावसायिक वापराच्या मायक्रो ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्राची गरज नाही. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या ‘मॉडेल’ ड्रोनला प्रारूप प्रमाणपत्रातून सूट आहे. मात्र ही सूट म्हणजे सर्व नियमांतून मुक्तता नव्हे. नोंदणी व विशिष्ट ओळख क्रमांकाची तरतूद स्वतंत्र आहे आणि नॅनोपेक्षा जड ड्रोनला त्रयस्थ पक्ष विमाही लागू होतो.

आकाशाची विभागणी हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत केली आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नकाशावर क्षेत्र हिरवे दिसले तरी स्थानिक आदेश पाहणे गरजेचे असते. मुंबईसह अनेक शहरांत पोलीस वेळोवेळी ठरावीक मुदतीसाठी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. संरक्षित किल्ले व स्मारकांवर चित्रीकरणासाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते; गडकोटांवर भटकंती करणाऱ्या अनेकांच्या हे लक्षात येत नाही. कॅमेऱ्याचे दृश्य चष्म्यात पाहून उडवणाऱ्याला आपला ड्रोन प्रत्यक्ष दिसत नाही. अशा वेळी ड्रोनवर सतत नजर ठेवणारा जोडीदार सोबत असणे अत्यावश्यक ठरते.

सुरुवात कोठून करावी?

जाणकार सर्वप्रथम संगणकावरील आभासी उड्डाणाचा सराव सुचवतात. खरा रिमोट संगणकाला जोडून केलेल्या या सरावात चुकीची किंमत शून्य असते. त्यानंतर पाती झाकलेला, २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन आणि मग मोठी जुळणी, हा क्रम खिशाला आणि आजूबाजूच्या लोकांनाही सोसवणारा आहे. पहिले उड्डाण मोकळ्या, निर्मनुष्य मैदानात, कमी वाऱ्यात आणि हातभर उंचीवरच घ्यावे. संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा मांजा पात्यांत अडकू शकतो, तर घारींच्या वस्तीजवळ पक्षी ड्रोनवर झेप घेतात. दोन्ही ठिकाणी उड्डाण टाळणेच श्रेयस्कर.