हाताशी ठेवलेली माहिती : कॅशे सर्व्हरची उभारणी आणि दक्षता

शालान्त परीक्षेचा निकाल जाहीर होताच असंख्य विद्यार्थी व पालक एकाच वेळी संकेतस्थळाकडे वळतात. विभागवार टक्केवारीसारखी पुष्कळशी माहिती त्या सर्वांना सारखीच हवी असते. ती दर वेळी मूळ डेटाबेसमधून काढावयाची, तर यंत्रणेवर असह्य ताण पडतो. वारंवार लागणाऱ्या परिपत्रकाची प्रत लिपिक टेबलावरच ठेवतो. दर वेळी अभिलेखकक्षात जात नाही. कॅशे सर्व्हरचे तत्त्व हेच होय. तो माहितीची प्रत संगणकाच्या स्मृतीत ठेवून तत्काळ पुरवितो.

‘मेमकॅश-डी’ हा या प्रकारचा सुपरिचित सर्व्हर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळासाठी तयार केला. आज तो बहुधा कंटेनरमध्ये चालविला जातो. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम व त्याला लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधलेली बंदिस्त पेटीच. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’मुळे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. सर्व्हर सुरू करण्यास एक आज्ञा पुरते; खरे काम मर्यादा ठरविण्याचे आहे.

पहिली मर्यादा स्मृतीची. काही न सांगितल्यास मेमकॅश-डी ६४ मेगाबाइट साठा धरतो आणि तो भरला की दीर्घकाळ न वापरलेल्या नोंदी काढून टाकतो. मात्र या आकड्यात केवळ नोंदींचा साठा येतो. जोडण्या व अंतर्गत हिशेब यांना वेगळी जागा लागते. म्हणून कंटेनरची मर्यादा साठ्याहून अधिक हवी. साठा २५६ मेगाबाइट असेल, तर कंटेनरला ३८४ मेगाबाइट देऊन प्रत्यक्ष वापर पाहावा. दोन्ही आकडे समान ठेवल्यास मर्यादा ओलांडताच प्रोग्रॅम बंद पाडला जातो व सर्व साठा नाहीसा होतो.

दुसरी मर्यादा जोडण्यांची व नोंदींची. मूळ रचनेत एका वेळी १०२४ जोडण्या आणि प्रत्येक नोंदीस १ मेगाबाइट इतकी मुभा असते. नोंदीची मुदत सेकंदांत देतात. परंतु ३० दिवसांहून मोठा आकडा दिनांक म्हणून वाचला जातो आणि नोंद तत्काळ बाद होऊ शकते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब प्रवेशद्वाराची. मेमकॅश-डी ११२११ या पोर्टवर चालतो आणि मूळ रचनेत परवलीचा शब्द मागत नाही. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अशाच सर्व्हरांचा दुरुपयोग करून ‘गिटहब’वर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा करण्यात आला. हल्लेखोरांनी खोट्या पत्त्याने छोट्या विचारणा पाठविल्या व हजारो पटींनी मोठी उत्तरे त्या पत्त्यावर वळविली. त्यानंतर ज्या यूडीपी मार्गाने हे घडले, तो मूळ रचनेत बंद करण्यात आला. तथापि डॉकरमध्ये पोर्ट बाहेर खुला केल्यास, अन्यथा न सांगितल्यास, तो यंत्राच्या सर्व पत्त्यांवर उघडतो. यास्तव पोर्ट बाहेर न काढता कॅशे व संकेतस्थळ यांना एकाच खाजगी जाळ्यात ठेवणे श्रेयस्कर.

कंटेनर पुन्हा सुरू होताच स्मृतीतील सर्व माहिती जाते. ती डेटाबेसमधून पुन्हा भरता येत असेल, तर हानी नाही. म्हणून नागरिकाच्या अर्जाची एकमेव नोंद येथे कदापि ठेवू नये. स्मृती किती, द्वार कोणास खुले आणि मूळ नोंद कोठे, हे तीन प्रश्न यंत्रणा स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने अवश्य विचारावेत.