मुंबई-पुण्याएवढी एक पेशी

समजा, अलिबागच्या वाडीत शहाळं तासताना कोयता निसटला, पायावर आला आणि आतल्या घोट्यामागचा मज्जातंतू तुटला. अंगठ्याची जाणीव वाहणाऱ्या पेशीचं बिऱ्हाड पायात नाहीच! ते कमरेत, मणक्याच्या कडेच्या गाठीत. पेशी एक, आणि तिचा धागा कमरेपासून अंगठ्यापर्यंत मीटरभर!

आता सगळं दीड लाख पट मोठं करू या. कंबर म्हणजे मुंबई, अंगठा म्हणजे पुणे. अंतर 150 किलोमीटर. धाग्याची जाडी मुळात सेंटिमीटरचा हजारावा हिस्सा. ती झाली अवघी दीड मीटर! मुंबईतलं पेशीचं बिऱ्हाड साडेसात मीटर रुंद, चांगली मोठी विहीरच. तिच्याभोवती उपग्रह पेशींचं कडं, आणि विहीर नि कडं यांत फट फक्त 3 मिलिमीटर! पुढे रस्ताभर मायलिनचं वेष्टण गुंडाळून बसलेल्या श्वॉन पेशी. एकीच्या वाट्याला साधारण 150 मीटर, म्हणजे रेल्वेचे सहा-सात डबे. पुण्यापर्यंत अशा पेशी हजार!

घाव बसला तळेगावच्या पुढे, पण खबर थेट मुंबईला! उपग्रह पेशी खडबडून जाग्या होतात, शेजारच्या विहिरींच्या कड्यांशी जोडण्या वाढवतात. उंदरांमध्ये हे काही दिवसांतच दिसतं. मग न तुटलेल्या शेजारणीही कुरकुरू लागतात आणि दुखणं पसरतं.

इकडे पुण्यापर्यंत उरले 30 किलोमीटर, त्यावर 200 श्वॉन पेशी. त्या स्वतःचंच मायलिन मोडतात, साफसफाईला भक्षक पेशी बोलावतात, लांबट होऊन रांग धरतात. नव्या धाग्याची वाट हीच. सर्जननं टोकं नीट शिवली, तर धागा सरकतो रोज मिलिमीटरभर. आपल्या नकाशावर 150 मीटर. दिवसाला एका पेशीची हद्द! म्हणजे 200 दिवस! नारळी पौर्णिमेला निघालेला धागा पुणे गाठेपर्यंत शिमगा येतो.

आणि हा झाला एकच धागा. घोट्याशी असे हजारो. हजारच धरा: 200 गुणिले 1000, दोन लाख श्वॉन पेशी! धागा पोचला की त्याच पुन्हा मायलिन गुंडाळायला बसतात. दोन लाख कामगार, आणि मुकादम एकही नाही!