'नको' म्हणा, पण गोडीनं!

तमिळनाडूत केळीच्या पानावर जेवायला बसलात, की वाढपी सांबार, रसम, भात घेऊन पुन्हा पुन्हा येतात. पोट भरलं, तरी वाढणाऱ्याचं मन मोडायचं नाही. मग काय म्हणाल?

तमिळमध्ये 'नको' म्हणजे 'वेण्डाम्'. पण मोठ्या माणसाला नुसतं 'वेण्डाम्' म्हटलं, तर ते तुटक वाटतं. म्हणून शेवटी 'ङ्ग' लावायचं: 'वेण्डाङ्ग', म्हणजे आपलं 'नको हो'! 'वा' म्हणजे ये, तर 'वाङ्ग' म्हणजे या. (वांग्याशी काही संबंध नाही बरं का!) तसंच 'पोदुम्' म्हणजे पुरे, आदरानं 'पोदुङ्ग'.

कुणी तुमच्यासाठी उगाच धावपळ करू लागलं, तर म्हणा 'परवायिल्लै', म्हणजे 'असू द्या, चालेल'. यातला 'परवा' आपल्या 'पर्वा'चाच भाऊ, अन् 'इल्लै' म्हणजे नाही. गंमत पाहा, मराठीत 'मला पर्वा नाही' म्हटलं तर समोरचा रागावेल. तमिळमध्ये मात्र त्याच शब्दांनी त्याला बरं वाटतं!

आणि जेवण झालं, की पान आपल्या बाजूला दुमडायचं. न बोलताच निरोप पोचतो!