परीक्षेस पुन्हा बसावे काय?

दरवर्षी मृगाच्या पावसाबरोबर आणखी एका गोष्टीची घरोघर वाट पाहिली जाते, ती म्हणजे प्रवेशपरीक्षांच्या निकालांची. ज्या घरी मुलास अगर मुलीस उत्तम गुण पडतात तेथे देवापुढे पेढे ठेवले जातात. ज्या घरी अगदीच निराशा होते तेथे चार दिवसांनी दुसरा मार्ग शोधण्यास सुरुवात होते. खरी पंचाईत होते ती मधल्या घरांची. गुण वाईट नसतात. पण मनात धरलेल्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत ते पोहोचत नाहीत. मग वडीलधाऱ्यांची बैठक बसते. आजोबा म्हणतात, "एका वर्षाने काय आभाळ कोसळते? पुन्हा बसू दे त्याला." काकांचे मत पडते, "दादा, मिळते आहे ते पदरात पाडून घ्यावे." आत्याबाईंना नेमका कोणाचा तरी दुसऱ्या वर्षी यशस्वी झालेला मुलगा आठवतो. आणि ज्याच्या आयुष्यातील वर्षाचा हा हिशेब चाललेला असतो तो मात्र दाराच्या चौकटीस टेकून मुकाट्याने उभा असतो.

या वादात धाडस आणि सावधपणा असे दोन पक्ष पडतात व ज्याचा आवाज मोठा त्याचा जय होतो. आमच्या मते हा प्रश्न अशा रीतीने सुटावयाचाच नाही. त्याच्या आधी एक लहानसा प्रश्न विचारला पाहिजे: जे गुण गेले ते नेमके कशामुळे गेले, आणि ते कारण एका वर्षाच्या अभ्यासाने दूर होण्यासारखे आहे काय? याचे स्पष्ट उत्तर ज्या घरास देता येईल त्याने खुशाल पुन्हा परीक्षेस बसवावे. ज्यास ते देता येत नाही त्याने निदान ते सापडेपर्यंत वर्ष पणास लावू नये.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पुन्हा बसणे हे दोन प्रकारचे असते. अभियांत्रिकीसाठी होणारी जेईई मेन ही परीक्षा 2019 पासून एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा घेतली जाऊ लागली व त्यांतील सरस गुण धरण्याचा प्रघात पडला. महाराष्ट्राच्या सीईटीसाठीही 2026 पासून अशीच दुसरी संधी ठेवण्याचे शासनाने जाहीर केले. अशी संधी असेल तेथे खल करण्याचे कारणच नाही. दुसरा प्रयत्न अवश्य करावा, कारण त्यात गमावण्यासारखे फारसे काही नसते. परंतु वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा अशी वर्षातून दोनदा होत आलेली नाही. तीत पुन्हा बसणे म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षातील अख्खे वर्ष त्या एका दिवसाच्या स्वाधीन करणे होय. या लेखाचा रोख या दुसऱ्या प्रकारावर आहे.

आपल्या घरांतील वडील माणसांच्या मनात अजून जुनी परीक्षा घर करून आहे. मार्चमध्ये गणित राहिले तर ऑक्टोबरला बसावे, पस्तीस गुण मिळवावे आणि सुटावे, असा तो काळ होता. तेथे रेषा स्थिर होती. प्रवेशपरीक्षेत रेषा स्थिर नसते. 2024 साली नीट परीक्षेचा सुधारित निकाल लागला तेव्हा 720 पैकी 720 गुण मिळविणारे 17 विद्यार्थी होते. पुढच्याच वर्षी, 2025 साली, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास 686 गुण पडले. विद्यार्थी एका वर्षात मंदबुद्धी झाले असा याचा अर्थ नव्हे. प्रश्नपत्रिका कठीण निघाली, इतकेच. तेव्हा "साठ गुण वाढले की काम झाले" हा हिशेब फसवा आहे. पाहावयाचा असतो तो क्रमांक. 2024 च्या परीक्षेस 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशभर मिळून एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. आपला मुलगा वर्षभर पुढे चालत असता त्याच्याभोवतालची सारी गर्दीही चालत असते, आणि तीत दरवर्षी नव्या बारावीची भर पडते.

आता गुण कोठे जातात ते पाहू. 2025 च्या नीट परीक्षेत 180 प्रश्न होते. बरोबर उत्तरास 4 गुण, चुकल्यास 1 गुण वजा. एका विद्यार्थ्याने सारे प्रश्न सोडविले, त्यांतील 144 बरोबर आले व 36 चुकले, असे समजू. 576 मधून 36 वजा जाता त्याचे 540 गुण झाले. आता चुकलेले एक उत्तर बरोबर आले तर चार नव्हे, पाच गुणांचा फरक पडतो. त्या 36 चुकांपैकी 12 जर घाईच्या असतील, म्हणजे प्रश्नातील 'नाही' हा शब्द नजरेतून निसटला, एकक बदलावयाचे राहिले किंवा उत्तरपत्रिकेवर भलत्याच ओळीतील वर्तुळ काळे झाले, तर तेवढ्या सुधारल्याने 540 चे 600 होतात. असा विद्यार्थी पुन्हा बसला तर त्याच्या बाजूने बोलण्यास जागा आहे. परंतु तितकेच 540 गुण मिळविणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या 36 चुकांपैकी 24 चुका एकट्या पदार्थविज्ञानाच्या 45 प्रश्नांत झाल्या असतील, तर तिचे दुखणे घाईचे नसून पायाचे आहे. तिला अकरावीच्या गतिशास्त्रापासून पुन्हा आरंभ केला पाहिजे. ते होण्यासारखे आहे. पण त्यास निराळा शिक्षक, निराळी पद्धती आणि पुष्कळ चिकाटी लागेल. दोघांच्या गुणपत्रकावर आकडा एकच आहे. औषध मात्र एक नाही.

म्हणून निकाल लागल्यावर बैठक भरविण्यापूर्वी दोन दिवस मुलास एकट्याला द्यावे. परीक्षामंडळ उत्तरसूची आणि विद्यार्थ्याने नोंदविलेली उत्तरे पाहण्याची सोय करते. ती समोर ठेवून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहावे: ठाऊक होते पण घाईने चुकले, शिकलो होतो पण विसरलो, मुळातच समजले नव्हते, अंदाजाने लिहिले. हे चार ढीग पडले की अर्धा निर्णय आपोआप होतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी आणखी एक तपासणी करावी. परीक्षेपूर्वी वेळ लावून सोडविलेल्या शेवटच्या आठ-दहा सराव-परीक्षांच्या गुणांची सरासरी काढावी. प्रत्यक्ष परीक्षेतील गुण या सरासरीपेक्षा बरेच खाली असतील, आणि ताप, घरातील दुःखद प्रसंग, ऐनवेळची भीती असे काही कारण असेल, तर तो अपघात होता व दुसऱ्या खेपेस मुलगा आपल्या मूळ पातळीवर येण्याचा संभव पुष्कळ आहे. गुण सरासरीइतकेच असतील तर परीक्षेने अन्याय केलेला नाही. जशी तयारी तसे फळ आले. तीच पुस्तके, तेच वर्ग आणि तीच दिनचर्या पुन्हा एक वर्ष चालविल्याने निराळे काही निघेल अशी अपेक्षा करू नये. आणि गुण सरासरीहून वर असतील, तर त्या दिवशी दैवाने हात दिला होता हे ओळखावे. अशा मुलाचे गुण दुसऱ्या वेळी उतरण्याचीच धास्ती अधिक.

पुन्हा बसण्याचे सार्थक कसे होते याचे एक उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेले असता त्यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा देण्याचे ठरविले व पहिल्या खेपेस ते लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा बसताना त्यांनी नुसते तास वाढविले नाहीत. रसायनशास्त्राच्या प्रयोगांची सोय नव्हती, म्हणून तो विषय बदलून त्यांनी उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. राहणी साधी केली, एका खोलीत बिऱ्हाड केले. 1890 साली ते त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. कारण सापडले, ते दूर केले आणि मग परीक्षा दिली, हा त्यातला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

याच्या उलट उदाहरण गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे. गणितापुढे इतर विषयांकडे त्यांचे लक्षच लागेना. त्या काळच्या एफ.ए. परीक्षेत ते 1906 साली आणि पुन्हा 1907 साली नापास झाले. दुसऱ्या खेपेने काही बदलले नाही, कारण मूळ कारण जसेच्या तसे राहिले होते. पुढे 1918 साली रॉयल सोसायटीने त्यांस आपले सदस्य करून घेतले ते त्या परीक्षेच्या दारातून नव्हे. प्रत्येक नापास मुलगा रामानुजन असतो असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. पण एखाद्या मुलाचे मन मुळात वैद्यकीत नसेल व तो आई-वडिलांच्या इच्छेखातर बसत असेल, तर त्याचे हे कारण वर्षाच्या अभ्यासाने जावयाचे नाही.

आता त्या वर्षाकडे वळू. महाविद्यालय नाही, सोबती पुढे गेलेले, दिवसाचे आठ-दहा तास तीच पुस्तके, असे ते वर्ष असते. लातूर, पुणे किंवा दूर कोट्यास पाठविले तर वर्गाची फी, खोलीचे भाडे आणि खाणावळ यांचा बोजा निराळाच. घरी ठेवले तर एकत्र कुटुंबाची ऊब मिळते, पण तीच कधी कधी जाचक होते. लग्नकार्यास, सत्यनारायणास जो येतो तो "यंदा काय करतोस रे?" म्हणून विचारतो. वडील बोलत नाहीत, पण खर्चाच्या वहीकडे पाहून सुस्कारा टाकतात आणि तो मुलास ऐकू जातो. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्मघात केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने केली आहे. त्या सर्वांचे कारण परीक्षा नव्हती. तथापि हा आकडा वाचल्यावर, गुणांपेक्षा मूल मोठे आहे हे घरातील प्रत्येकाने त्यास शब्दांनी सांगितले पाहिजे, मनात ठेवून उपयोग नाही. मुलगा अबोल झाला, झोप व जेवण तुटले, तर अभ्यास बाजूस ठेवून प्रथम डॉक्टरांस दाखवावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही घरात सर्वांस ठाऊक असावा.

मुलींविषयी एक शब्द निराळा लिहिणे भाग आहे. मुलाने वर्ष घेतले तर ती महत्त्वाकांक्षा ठरते. मुलीने मागितले तर "पुढे लग्नाचे पाहावयाचे आहे" असे उत्तर मिळते. वर सांगितलेल्या कसोट्यांत मुलगा-मुलगी हा रकानाच नाही. जिची बाजू त्यांवर खरी उतरते तिला तिचे वर्ष मिळालेच पाहिजे.

नियमांच्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबू नये. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला दोन ऐवजी तीन वेळा बसता येईल असे 5 नोव्हेंबर 2024 रोजी जाहीर झाले आणि 18 नोव्हेंबरला ते मागे घेण्यात आले. मधल्या तेरा दिवसांत कित्येकांनी चालू शिक्षण सोडले. त्यांना अखेर जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला. नीट परीक्षेस किती वेळा बसावे याला मर्यादा ठेवलेली नव्हती व वयाची कमाल अट 2022 साली काढून टाकण्यात आली. पण मर्यादा नाही म्हणून बसतच राहावे असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच मिळालेली जागा कोणत्या फेरीनंतर सोडली तर अनामत रक्कम जप्त होते, मध्ये गेलेल्या वर्षाबद्दल कोणते प्रतिज्ञापत्र लागते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावे. हाती आलेली जागा सोडण्यापूर्वी हे वाचन झालेच पाहिजे.

आमची सूचना अशी आहे. पुन्हा बसण्याचे ठरल्यास मुलाने स्वतः एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: गुण कशाने गेले, या वर्षी काय निराळे करणार, आणि नाही जमले तर कोठे प्रवेश घेणार. तिसरे उत्तर नसेल तर पहिली दोन अपुरी समजावी. दिवाळीनंतर वेळ लावून दिलेल्या परीक्षांचे गुण त्या कागदाशी ताडून पाहावे. चुकांचे ढीग कमी झाले नसतील तर वर्गास किंवा नशिबास दोष न देता पद्धती तेव्हाच बदलावी. तेवढ्यासाठी अजून अवधी असतो. आणि ही खेप एकच, असे आरंभीच ठरवावे. दुसरे वर्ष मागावयाचे तर नवा कागद आणि नवी कारणे लागतील.

वडीलधाऱ्यांनी या निर्णयात मत अवश्य द्यावे, पण शेवटचा शब्द ज्यास परीक्षा द्यावयाची त्याचा असू द्यावा. कारण पहाटे पाच वाजता दिवा लावून बसावयाचे आहे ते त्याला, आजोबांना नव्हे. आणि "मला पुन्हा बसावयाचे नाही, मिळते आहे तेथेच जातो," असे त्याने विचारपूर्वक सांगितले, तर त्या प्रवेशाच्या दिवशीही घरात पेढे आले पाहिजेत, आणि ते पहिल्या प्रतीचेच असावेत.