फ्रेंच शिकावी की इटालियन?



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीत माझ्या वर्गात होती, आता बारावी झाली. म्हणाली, "बाई, हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतेय. सोबत एक परदेशी भाषा शिकायची आहे. फ्रेंच घेऊ की इटालियन? पप्पा म्हणतात, फी एकाच क्लासची भरता येईल. चुकली तर परत नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण ही चूक मी स्वतः केली आहे. लॉकडाऊनमध्ये मी घरी बसून फ्रेंच सुरू केली होती. कारण एकच, फ्रेंच म्हणजे मोठी भाषा! तिसऱ्या महिन्यात वही बंद पडली. पुढे इटालियन हातात घेतली, ती मात्र अजून चालू आहे. म्हणून चार दिवस विचार करून तिला जे सांगितलं, तेच इथे मुद्देवार मांडते.

दोघी बहिणी

फ्रेंच आणि इटालियन या दोन्ही भाषा लॅटिनपासून निघाल्या. जशा मराठी, हिंदी, गुजराती या एका कुळातल्या, तशाच या. पाण्याला लॅटिनमध्ये 'आक्वा' म्हणत. इटालियनने तो शब्द जवळजवळ तसाच ठेवला. फ्रेंचमध्ये तो झिजत झिजत नुसता 'ओ' उरला!

आणखी एक गंमत पाहा. संस्कृत 'सप्त'चं प्राकृतात 'सत्त' झालं आणि मराठीत 'सात'. तिकडे लॅटिन 'सेप्तेम'चं इटालियनमध्ये 'सेत्ते' झालं. म्हणजे या भाषा आपल्याला अगदीच परक्या नाहीत, लांबच्या नात्यातल्या आहेत.

वाचन आणि उच्चार

इटालियन बरीचशी देवनागरीसारखी आहे. लिहिलं तसं वाचायचं. थोडे नियम पाठ झाले की पहिल्या आठवड्यात पान मोठ्याने वाचता येतं, अर्थ कळो न कळो. जोडाक्षराकडे मात्र लक्ष हवं. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'सखा' आणि 'सख्खा' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे जड जाणार नाही. आपण ज्याला पिझ्झा म्हणतो तो तिकडे 'पीत्सा' आहे, आणि त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या चमच्यातला 'च'. 'चाओ' या त्यांच्या नमस्कारातला 'च' मात्र चिमणीतला. दोन्ही 'च' आपल्याकडे आहेतच!

फ्रेंचचं तसं नाही. पाण्याचा तो 'ओ' लिहिताना ई, ए, यू अशी तीन रोमन अक्षरं लागतात. शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. 'र' घशातून येतो. एक स्वर तर असा आहे की ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. नाकातले स्वरही आहेत. ज्यांच्या घरी कोकणी किंवा मालवणी बोलतात, त्यांना ते लवकर जमतील. बाकीच्यांना सुरुवातीला तरी चुका दुरुस्त करणारं माणूस समोर लागतं. माझं घोडं इथेच अडलं. एकटीने पुस्तकातून शिकताना आपण बरोबर म्हणतोय की चूक, हेच कळायचं नाही.

व्याकरण

मराठीत तीन लिंगं, या दोन्ही भाषांत दोनच. खुर्ची आपल्यासारखीच तिकडेही स्त्रीलिंगी. टेबल मात्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आणि इटालियनमध्ये पुल्लिंगी. निर्जीव वस्तूला लिंग कसं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, हा आपला फायदाच. इटालियनमध्ये शब्द 'ओ'ने संपला तर बहुधा पुल्लिंगी, 'आ'ने संपला तर बहुधा स्त्रीलिंगी. 'रागात्सो' म्हणजे मुलगा, 'रागात्सा' म्हणजे मुलगी. आपल्याकडे 'मुलगा', 'घोडा' हे 'आ'वाले शब्द पुल्लिंगी, त्यामुळे सुरुवातीला उलटं-सुलटं होतं. माझंही झालं.

आपण 'येतो', 'बोलतेस' असं म्हणतो आणि 'मी', 'तू' गाळतो. क्रियापदावरूनच कळतं. इटालियन अगदी तशीच आहे. 'पार्लो' म्हणजे मी बोलतो, 'पार्ली' म्हणजे तू बोलतोस. फ्रेंचमध्ये मी, तू, तो आणि ते या सगळ्यांसाठी कानाला एकच 'पार्ल' ऐकू येतं, म्हणून कर्ता सांगावाच लागतो.

'तू' आणि 'तुम्ही'चा भेद दोन्हीकडे आहे. इटालियन 'तू' तर ऐकायला आपला 'तू'च! मोठ्या माणसाला मात्र 'लेई' म्हणायचं. फ्रेंचमध्ये आदराला 'वू', आणि तोच शब्द अनेकांसाठीही. अगदी आपल्या 'तुम्ही'सारखा.

आकडे

फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. हसू येतं ना? पण आपल्याकडची जुनी माणसंही विसाच्या हिशेबाने मोजायचीच की. स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या फ्रेंचमध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ शब्द आहेत. इटालियनमध्ये ही भानगडच नाही.

उपयोग

इथे पारडं फ्रेंचकडे झुकतं. ती वीसहून अधिक देशांची अधिकृत भाषा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. युरोपबरोबरच आफ्रिकेत ती मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज करताना फ्रेंचला जादा गुण मिळतात. मॉरिशसमध्ये तर एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या आज फ्रेंच आणि तिच्यापासून बनलेली क्रिओल बोलतात. शिकण्याची सोयही जास्त आहे. मुंबई आणि पुण्यात अलियाँस फ्राँसेज आहे, आपल्या कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेता येते.

इटालियन ही इटली, स्वित्झर्लंड, सान मारिनो आणि व्हॅटिकन एवढ्याच देशांची अधिकृत भाषा. पण पाश्चात्त्य संगीत, ऑपेरा, चित्रकला, वास्तुकला, डिझाइन यांत जायचं असेल तर तिची किंमत मोठी आहे. इटलीतल्या विद्यापीठांत इंग्रजीतून अभ्यासक्रम मिळतात, पण घरमालकाशी आणि दुकानदाराशी बोलायला इटालियनच लागते.

दोन्ही भाषांच्या परीक्षांचे टप्पे सारखेच असतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. फ्रेंचसाठी 'डेल्फ' आणि पुढे 'दाल्फ', इटालियनसाठी 'चिल्स' किंवा 'चेली'.

मग निवडायचं कसं?

"सोपी कोणती?" हा प्रश्न आधी विचारू नका. हे तीन विचारा.

१. ही भाषा मी कोणाशी बोलणार आहे, किंवा तिच्यात काय वाचणार आहे?
२. शिकवायला माणूस आहे, की एकट्याने शिकायचं आहे?
३. कंटाळा आल्यावरही रोज अर्धा तास बसेन, असं माझ्याकडे काय कारण आहे?

माझ्याकडे शिक्षक नव्हता, परीक्षा द्यायची नव्हती, मोठ्याने वाचायची आवड तेवढी होती. म्हणून इटालियन टिकली. फ्रेंच वाईट होती म्हणून सुटली नाही. माझ्याकडे तिच्यासाठी कारण नव्हतं म्हणून सुटली.

हे सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "बाई, मला आमच्या कॉलेजजवळच फ्रेंचचा क्लास आहे. आणि शेफ, मेन्यू, बुफे हे सगळे शब्द फ्रेंचच ना? मी रोज त्यांच्यातच राहणार." मी म्हटलं, मग तुझं उत्तर तुला सापडलं. माझी आवड इटालियन, पण तिच्या पप्पांचे पैसे फ्रेंचलाच लागले पाहिजेत.

परवा तिचा मेसेज आला, 'र' अजून घशात अडकतोय म्हणून. अडकू दे. समोर शिक्षक आहे, सुटेल.

तुमच्याही मुलांनी किंवा विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला, तर आधी त्यांना वरचे तीन प्रश्न विचारा. भाषेचं नाव त्यांचं तेच सांगतील.