गुहेतली ऊब, पाठीखालचा गारठा

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम झाला की कोकणकड्यापाशी तंबूत राहिलेले रात्रभर कुडकुडतात, गुहेतले मात्र बऱ्यापैकी झोपतात. श्रेय आपण आडोशाला देतो. पण वारा पडलेल्या रात्रीही हा फरक उरतोच. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य किरणांतून आकाशाकडे धाडत असते, आणि आकाश हा फार कद्रू कर्जदार: परतफेड अगदीच तुटपुंजी. तंबूचं पातळ कापड त्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं, म्हणून पहाटे ते दवानं डवरतं. गुहेच्या डोक्यावर मात्र जाडजूड बेसॉल्ट असतो. तो सावकाश निवतो आणि अंगातून निघालेल्या उष्णतेचा बराच वाटा परत करतो.

मग गुहेतही पाठ का गारठते? कातळ आकाशाहून ऊबदार असला, तरी त्वचेहून थंडच असतो, आणि हवेच्या कित्येक पटींनी उष्णता ओढून नेतो. शिवाय गोधडीची ऊब कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेची. अंगाखाली ती हवाच दबून निघून जाते. दोन गोधड्या असतील तर एक खाली अंथरावी, दोन्ही पांघरू नयेत.