एनएमडीए ग्राही

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या पटलात असणारे व ग्लुटामेट या रासायनिक संदेशवाहकाला प्रतिसाद देणारे प्रथिन. एन-मिथिल-डी-ॲस्पार्टेट या संयुगाने ते उद्दीपित होते, यावरून त्याला हे नाव पडले. दोन तंत्रिका कोशिकांमधील अनुबंधन (संदेशवहनाचे संधिस्थान) वापरानुसार बळकट किंवा दुर्बल होते. या गुणधर्माला आकार्यता म्हणतात. शिकणे व स्मरण यांचा तो पाया मानला जातो आणि मेंदूच्या अनेक भागांत तो या ग्राहीवर अवलंबून असतो.

हा ग्राही चार उपएककांचा बनलेला असून त्याच्या मध्यभागी एक मार्ग असतो. विश्रांत अवस्थेत मॅग्नेशियमाचा आयन (विद्युत् भारित अणू) या मार्गात बुचासारखा बसलेला असतो. त्यामुळे केवळ ग्लुटामेट येऊन चालत नाही (ग्लायसीन किंवा डी-सेरीन यांचीही जोड लागते), तर ग्राहक कोशिकाही त्याच वेळी पुरेशी उद्दीपित असावी लागते. तसे झाले म्हणजे मॅग्नेशियम बाहेर फेकले जाते व कॅल्शियम आत शिरते. बँकेतील लॉकर दोन किल्ल्यांनीच उघडावा, तसा हा प्रकार आहे. कॅल्शियम जलद व विपुल प्रमाणात आले, तर एएमपीए या दुसऱ्या ग्लुटामेट-ग्राहींची अनुबंधनातील संख्या वाढून ते बळकट होते. थोडे पण दीर्घकाळ आले, तर ती घटून ते दुर्बल होते.

एकत्र उद्दीपित होणाऱ्या कोशिकांमधील जोड दृढ होत असावी, असे डॉनल्ड हेब यांनी १९४९ मध्ये प्रतिपादिले होते. टिम ब्लिस व टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतील हिपोकँपस या भागात द्रुत उद्दीपनानंतर कित्येक तास टिकणारी अशी वाढ दाखविली. एनएमडीए ग्राही रोधल्यास ही वाढ होत नाही, असे १९८३ मध्ये ग्रॅहम कॉलिंग्रिज व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. मॅग्नेशियमाचे कार्य १९८४ मध्ये उघडकीस आले. रिचर्ड मॉरिस व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा ग्राही रोधलेल्या उंदरांवर प्रयोग केले. पाण्याखाली दडविलेल्या चौथऱ्याची जागा त्यांना नीट शिकता आली नाही. दृश्य खुणांतील फरक मात्र ते शिकले.

या ग्राहीचे कार्य मर्यादेत राहणे आवश्यक असते. पक्षाघातात रक्तपुरवठा खंडित झाला, की ग्लुटामेट साचते, कॅल्शियम अतोनात शिरते व कोशिका मरतात. तथापि ग्राही पूर्णपणे रोधणारी औषधे पक्षाघातात उपयोगी ठरली नाहीत; त्यांनी मेंदूचे नित्याचे कार्यही बिघडते. सौम्य रोधक मेमँटीन मात्र अल्झायमर रोगात वापरतात. शरीराने या ग्राहीविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण केल्यास भ्रम, स्मृतिनाश व झटके ही लक्षणे उद्भवतात. जोसेप डालमाऊ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या विकाराचे कारण स्पष्ट केले. आरंभी तो मनोविकार भासतो. परंतु वेळीच निदान होऊन उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्ण सुधारतात.